दिंडोरीतल्या हॉटेलचा स्वभाव

विश्वंभरराव पाठक यांनी हॉटेल निवडायला घेतलं, त्याला आज सहावा दिवस होता. वसमतच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. त्याने कुठलीही गोष्ट हातात घेतली की आधी तिची नस्ती उघडते. तशी हीही उघडली होती. पिवळ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात ‘विषय : दिंडोरी येथील दोन दिवसांचा मुक्काम’ असं लिहून ती जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली लपवून ठेवलेली होती. कारण हे सगळं जिच्यासाठी चाललं होतं, त्या अनुसूयाबाईंना यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

सुरुवात मुलीच्या फोनने झाली होती. मधुवंती पुण्याला नोकरी करते. एका रविवारी ती सहज म्हणाली, “बाबा, आई परवा काय म्हणाली माहितीये? नांदेडच्या दवाखान्यातले ते चार दिवस फार छान गेले, म्हणे.”

“कोणते चार दिवस?”

“पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते. म्हणाली, वेळेवर ताट यायचं आणि दिवसभर कुणी हाक मारायचं नाही.”

विश्वंभररावांनी फोन ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बायकोला सुखाचे म्हणून आठवावेत असे दिवस कोणते, तर पोट फाडून घेतलेले. त्यांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असतानाच त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून “अगं, चहा टाकतेस का?” अशी हाक मारली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन ते आणखी खजील झाले. चहा मात्र प्यायले.

तसं पाहिलं तर अनुसूयाबाई पुष्कळ हिंडल्या होत्या. लातूर, परळी, सोलापूर, पुणे. पण त्यांच्याकडे रीत अशी की, ज्या गावात आपलं माणूस आहे तिथे लॉजवर उतरायचं नाही. उतरलं तर त्या माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं, आणि तो रुसवा पुढच्या दोन लग्नांपर्यंत टिकतो. त्यामुळे बाई जिथे गेल्या तिथे बॅग ठेवून, पाय धुऊन सरळ ओट्याशी उभ्या राहिल्या. पुण्याला त्या चार वेळा गेल्या होत्या आणि चार वेगवेगळी स्वयंपाकघरं पाहून परत आल्या होत्या.

म्हणून विश्वंभररावांना नातेवाईक नसलेलं गाव हवं होतं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पाठकांचे आणि बाईंच्या माहेरचे मिळून महाराष्ट्रात कुठेकुठे पसरले होते ते कागदावर मांडलं, तेव्हा मोकळी जागा फार थोडी उरली. शेवटी मधुवंतीनेच नाव सुचवलं. नाशिकच्या पलीकडचं दिंडोरी. लहानसं गाव, चारी बाजूंनी द्राक्षमळे.

“तिथे वाइन करतात, बाबा. शहरातली माणसं तिथे नुसती बसायला जातात.”

“वाइन म्हणजे दारूच ना?”

“तुम्हाला पाजत नाहीये कुणी. शांतता बघा तुम्ही. आणि एक, नुसती खोली बघून हॉटेल ठरवू नका. हॉटेलला स्वतःचा काहीतरी स्वभाव पाहिजे.”

विश्वंभररावांनी पट्टी घेऊन नस्तीत एक जादा रकाना आखला आणि त्यावर ‘स्वभाव’ असं लिहिलं. मुलीने तीन हॉटेलांची माहिती पाठवली होती. पहिलं हमरस्त्यावरचं, चार मजली, सगळं काचेचं. त्यापुढे शेरा पडला, ‘स्वभाव साहेबी. आपण अर्ज घेऊन आलो आहोत असे पाहुण्यास वाटेल.’ दुसऱ्यात मळ्याच्या मधोमध लाकडी पिंपांसारख्या गोल खोल्या होत्या. शेरा, ‘स्वभाव खेळकर. सौभाग्यवतींस पिंपात निजविणे प्रशस्त नाही.’

तिसऱ्याचं नाव ‘माणिक चमन’. एका बागायतदाराने बेदाणे वाळवायच्या जुन्या शेडचं हॉटेल केलं होतं. सहा खोल्या, दगडी जोत्यावर लांब व्हरांडा, प्रत्येक खिडकीतून वेली. राहून गेलेल्या पाहुण्यांची मतं खाली दिली होती. बहुतेकांनी द्राक्षांचं कौतुक केलं होतं. ठाण्याच्या एका गृहस्थाने मात्र लिहिलं होतं, ‘अत्यंत वाईट अनुभव. इथे कोणी विचारपूस करत नाही. जेवण दाराबाहेर ठेवून निघून जातात. दोन दिवसांत आम्हाला कोणी एकदाही हाक मारली नाही. पाचपैकी एक तारा.’

विश्वंभररावांनी ते चार वेळा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग स्वभावाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘मंजूर’.

दुपारी अनुसूयाबाई भाजी आणायला गेल्याची खात्री करून त्यांनी माणिक चमनला फोन लावला.

“खोली आहे का?”

“आहे,” पलीकडचा मालक म्हणाला.

“दोघांसाठी, दोन दिवस.”

“बरं.”

“जेवणाचं कसं?”

“दाराशी ठेवतो.”

“नंतर कुणी विचारायला येतं का? आवडलं का, अजून काही हवं का, असं?”

“नाही.”

“शेजारी काय आहे?”

“द्राक्षं.”

विश्वंभररावांना हा माणूस फार आवडला. त्यांनी नाव सांगितलं. मालकानेही आपणहून एक वाक्य उच्चारलं. “खोलीबरोबर वाइनचा एकेक पेला आहे.”

“तो वगळता येईल का?”

“येईल. पैसे तेवढेच राहतील.”

विश्वंभररावांनी मनातल्या मनात हिशेब केला. “मग राहू द्या,” ते म्हणाले. “पण आम्ही पिणार नाही.”

इथपर्यंत सगळं यथासांग झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर गेले आणि चौकशीच्या खिडकीशी वाकून विचारलं, “नाशिकवरून पुढे दिंडोरीला जायला सोयीची गाडी कोणती?”

मागून कुणीतरी म्हणालं, “दिंडोरी? काका, दर्शनाला चालले व्हय?”

शेजारचे उत्तमराव होते. त्यांचं शेत शिरड शहापूरला आणि घर पाठकांच्या भिंतीला भिंत लावून. चैत्र संपत आला होता. त्यांची हळद शिजवून, वाळवून मोंढ्यात व्यापाऱ्याकडे पोचली होती. त्यामुळे माणूस अगदी मोकळा होता.

नस्तीत नेमका हा मुद्दा राहून गेला होता. दिंडोरीला स्वामी समर्थांचं मोठं केंद्र आहे, आणि वसमतहून जो कुणी दिंडोरीला जातो तो तिथेच जातो. तिथे द्राक्षं पिकतात हे इकडे कुणाच्या गावीही नाही. त्यातून पाठकांच्या घरात आजोबांपासून गल्लीतल्या दत्ताची पूजा. असा माणूस दिंडोरीला कशाला जाईल, हा प्रश्न विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

‘नाही हो, वाइनच्या गावात हॉटेल घेतलंय,’ एवढंच सांगायचं होतं. पण खिडकीशी आठनऊ माणसं उभी होती. त्यांत दोघे सकाळीच दत्ताच्या पारावर भेटलेले. विश्वंभररावांनी त्या दोघांकडे पाहिलं.

“अं... हो,” ते म्हणाले.

उत्तमरावांनी तिथल्या तिथे हात जोडले.

संध्याकाळी उत्तमरावांच्या पत्नी द्वारकाबाई नारळ घेऊन आल्या. “काकू, तुमी दिंडोरीला चालल्या आन आमाला सांगितलं बी न्हाई? एवढा नारळ वाहा माझ्या नावानं. पोराच्या नोकरीचं अडकून राहिलंय, म्हनावं.”

अनुसूयाबाईंनी नारळ घेतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. विश्वंभरराव पंचांग वाचत होते. ते उलटं धरलेलं होतं.

द्वारकाबाई गेल्यावर त्या म्हणाल्या, “काहून हो, ठरवलं कधी?”

“असंच. म्हटलं, जाऊन यावं.”

“बरं झालं,” अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. “किती जणांचं धपाट्यांचं पीठ भिजवायचं?”

हा प्रश्न विश्वंभररावांच्या काळजात रुतला. ही बाई कुठेही निघाली की हेच विचारते. खरं सांगायची हीच वेळ होती. तेवढ्यात दारात आणखी एक नारळ आला.

तिसऱ्या दिवशी नारळ एकोणीस झाले. कुणी मुलीच्या लग्नासाठी दिला होता, कुणी बोअरला पाणी लागावं म्हणून. विश्वंभररावांनी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्याने देवासाठी दिलेला नारळ म्हणजे ठेव. ती पोचवल्याशिवाय सुटका नसते. म्हणजे आता देवदर्शन करणं भागच होतं. ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, एक तास केंद्रात, उरलेला वेळ हॉटेलात. हिशेब अजून हाताबाहेर गेला नव्हता.

तो हाताबाहेर नेला वैजनाथने. वैजनाथची क्रुझर गाडी चौकात उभी असते. नारळांची पोती बघून तो आपणहून घरी आला.

“काका, एवढं ओझं घेऊन एष्टीत कसं चढसाल? आपली गाडी हाय की. धा मानसं बराबर बसत्यात.”

“आम्ही दोघंच आहोत रे.”

“दोघं काहून?” द्वारकाबाई भिंतीवरून म्हणाल्या. “आमी येऊन राहिलो ना. मालक बी मोकळेच हायत.”

मग गल्लीच्या टोकाच्या भिकाबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, मागे पुढे कुणी नाही. त्या ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “इस्वंबरा, मला बी ने बाबा. आता किती दिवस उरले माझे.” याला नकार देणारा माणूस अजून वसमतमध्ये जन्माला यायचा होता. संध्याकाळपर्यंत यादी बारावर गेली. पाठक काका नेऊन राहिलेत म्हटल्यावर यायला कुणाला तकलीफ वाटत नव्हती.

विश्वंभररावांनी गच्चीवर जाऊन माणिक चमनला फोन केला.

“एका खोलीत किती माणसं चालतात?”

“दोन.”

“बारा असली तर?”

मालकाने विचार केला. “मग त्याला हॉटेल म्हणत नाहीत,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारपासून अनुसूयाबाई स्वयंपाकघरात होत्या. बारा माणसांचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भिकाबाईंना दात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या मऊ दशम्या. दर दहा मिनिटांनी कुठून तरी हाक येत होती. “काकू, लोनचं तुमी घेता का आमी?” “काकू, सतरंजी हाय का जास्तीची?” “काकू, भिकाबाईच्या गोळ्या तुमच्यापाशी ठेवा वो.” दिवे लागायच्या सुमारास विश्वंभररावांनी मोजायचं सोडून दिलं. कुणी हाक मारू नये म्हणून काढलेल्या या प्रवासाने एका दिवसात बायकोला जेवढ्या हाका मारवल्या, तेवढ्या तिला महिन्यात ऐकाव्या लागत नव्हत्या.

ते पंचांगाच्या गठ्ठ्याकडे गेले, नस्ती काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“हे बघ,” ते म्हणाले.

“हाताला पीठ आहे. वाचा तुम्हीच.”

“मला वाचवणार नाही.”

तेव्हा अनुसूयाबाईंनी मान वर केली. हात धुतले, पदराला पुसले आणि पाटावर बसून त्यांनी नस्ती उघडली. त्यांनी सगळी वाचली. काचेचं हॉटेल वाचलं, पिंपाचं वाचलं आणि तिथे त्यांचा ओठ किंचित हलला. मग ठाण्याच्या गृहस्थाचं मत आलं. ते त्यांनी बोट ठेवून, लहान मुलीसारखं शब्दाशब्दाने वाचलं.

“दवाखान्याचं तुम्हाला मधूनं सांगितलं?”

“हो. मला आधी कळायला पाहिजे होतं. सदतीस वर्षं मी...” विश्वंभररावांनी दाराची चौकट धरली. “तुला दोन दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच माझ्या मनात होतं गं.”

“काकू!” भिंतीपलीकडून द्वारकाबाई ओरडल्या. “धपाट्यात तीळ टाकले का?”

“टाकले!” अनुसूयाबाईंनी उत्तर दिलं. मग खालच्या आवाजात नवऱ्याला विचारलं, “खोलीचं दार आतून लावता येतं?”

“येतं.”

“आणि खिडकीतून काय दिसतं?”

“द्राक्षं. ती बोलत नाहीत.”

“फार चांगलं हॉटेल आहे,” त्या म्हणाल्या. नस्ती मिटून त्यांनी ती डाळीच्या डब्यावर ठेवली आणि पुन्हा धपाटे थापायला घेतले. त्यांचा हात आता भराभर चालत होता. मनाशी काही ठरलं की त्यांचा हात असा चालतो, हे विश्वंभररावांना माहीत असायला हवं होतं. पण या बाबतीत त्यांच्याजवळ नोंद नव्हती.

सकाळी उजाडताना क्रुझर दारात लागली. नारळाची पोती टपावर चढली, भिकाबाई पुढच्या सीटवर चढल्या, धपाट्यांचे डबे चढले. अनुसूयाबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या.

“चला काकू,” वैजनाथ म्हणाला.

“मी नाही येत. घरात नंदादीप आहे. दोघं गेलो तर विझेल.”

“आमची सूनबाई घालील की तेल,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“पाठकांच्या घरातल्याच माणसानं राखायचा तो. सासूबाई जाताना सांगून गेल्यात.”

देवासाठी थांबणाऱ्या बाईला देवाकडे चला म्हणून आग्रह कसा करायचा, ते कुणालाच सुचेना. सासूबाईंनी असं काही सांगितल्याचं विश्वंभररावांना आठवत नव्हतं, आणि त्या त्यांच्याच आई होत्या. ते काहीतरी बोलणार होते, पण बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते निमूट गाडीत जाऊन बसले.

गाडीत सगळे आनंदात होते. विश्वंभरराव मांडीवर पिशवी घेऊन बाहेर पाहत होते. आपण द्राक्षांकडे चाललो आहोत आणि ती घरात एकटीच शिळं काहीतरी खाऊन झोपणार, हे काही त्यांना सहन होईना. शिरड शहापूरला गाडी चहाला थांबली, तेव्हा ते उतरले आणि पिशवी हातात घेतली.

“मी परत जातो. तुम्ही व्हा पुढे.”

“काहून?” उत्तमरावांनी विचारलं.

“घरी ती एकटी आहे.”

सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. मग द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. “बघा, या वयात,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “न्हाई तर तुमी. मी म्हयनाभर म्हायेरी गेले तर इचारत बी न्हाई.” उत्तमरावांनी घाईघाईने चहा संपवला.

नारळांच्या चिठ्ठ्या विश्वंभररावांनी उत्तमरावांना समजावून दिल्या. मग भिकाबाईंच्या हातात माणिक चमनचा पत्ता ठेवला. “माझ्या नावानं एक खोली आहे. तुम्ही आणि द्वारकाबाई तिथे राहा. बाकीच्यांना भक्तनिवास आहेच.” त्यांनी तिथल्या तिथे मालकालाही कळवलं. मालक “बरं” म्हणाला.

परतीच्या एसटीत त्यांच्या मनात सगळा कार्यक्रम तयार झाला. हॉटेल नाही तर नाही. घरचं हॉटेल करायचं. आपण हाक मारायची नाही, चहा स्वतः करायचा, जेवण खानावळीतून आणायचं. नऊच्या सुमारास ते आपल्या दारात पोचले. दार आतून बंद होतं. त्यांनी कडी वाजवली.

“कोण?”

“मी.”

आत पावलं दाराकडे आली, पण कडी निघाली नाही.

“तुम्ही परवा येणार होतात ना?” अनुसूयाबाईंचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

“तुला काही लागलं तर... मी नुसता बसून राहीन. हाक मारणार नाही.”

“तुम्ही बसलात की मला वाटतं, चहा लागेल.”

“मी मागणार नाही.”

“तुम्ही मागत नाही. मलाच वाटतं,” त्या म्हणाल्या. आवाजात फार दीनता होती. “मला राहू द्या ना हो दोन दिवस.”

विश्वंभररावांनी पिशवी खांद्याला लावली. “दुपारी जेवण दाराशी ठेवतो,” ते म्हणाले.

“ठेवा.”

स्टँडसमोर सोनाजीचा लॉज आहे. खाली चपलांचं दुकान, वर आठ खोल्या. हॉटेलचा स्वभाव पाहण्यात सहा दिवस घालवलेल्या माणसाने या लॉजकडे मान वर करूनही पाहिलं नाही. सरळ जिना चढला आणि आधार कार्ड पुढे केलं.

सोनाजीने कार्ड पाहिलं, मग माणूस पाहिला. “काका, हे तर वसमतचंच हाय. गावातल्या मानसाला खोली देत न्हाई आमी. पोलिसांची कटकट राहते.”

“दोन दिवसांचा प्रश्न आहे.”

“घर तर इथं दोनशे पावलांवर हाय तुमचं. काकूसंग भांडन झालं का?”

“नाही.”

“मग?”

विश्वंभरराव खुर्चीवर बसले. “सोनाजी, लग्नाला सदतीस वर्षं झाली,” ते म्हणाले.

सोनाजीचं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याने भिंतीवरची तीन नंबरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दुपारपर्यंत बातमी चौकात होती. पाठक काकूंनी काकाला घराबाहेर काढलं. दर्शनाच्या गाडीतून अर्ध्या वाटेवरून पळून आले म्हणून काढलं, असं काहींचं मत. काहींच्या मते प्रकरण जुनं होतं. नावाला इतकं जपणाऱ्या विश्वंभररावांना दत्ताच्या पारावर दोघांनी आडून विचारलंदेखील. एक शब्द बोलून त्यांना सगळं निस्तरता आलं असतं. पण मग गल्ली चौकशीला दारात गेली असती, आणि दार वाजलं असतं. विश्वंभरराव काही बोलले नाहीत. ज्याला जे समजायचं ते तो समजला.

खानावळीतून डबा घ्यायचा, दाराशी ठेवायचा, कडी एकदा वाजवायची आणि वळून निघायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते गेले तेव्हा दुपारचा डबा घासून, पुसून, पालथा घालून ठेवलेला होता. विश्वंभररावांचा चेहरा पडला. म्हणजे तिचा हात काही थांबला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आदल्या रात्रीचा डबा मिळाला, तो नुसता विसळलेला होता. त्यांना जरा धीर आला.

त्याच दुपारी द्वारकाबाईंचा फोन आला. “काका, हाटेल एक नंबर! पर तो मालक बोलतच नव्हता वो. मग आमी त्याला वसरीत बसवलं आन इचारलं, बाबा, तुला दुख काय हाय? लई बोलला मग. बायको तिच्या भावाकडं गेलीय म्हने रुसून. आता भिकाबाई तिला फोन लावून राहिल्या समजूत घालायला.”

“आणि जेवण?”

“दाराशी ठेवीत व्हता. आमी म्हनलं, आसं कुठं आसतंय का? समद्या खोल्यांतल्या मानसांला वढून काढलं आन पंगत बसवली. ती ठान्याकडची जोडी लई लाजत व्हती.”

“त्यांनी पेला दिला असेल ना?”

“दिला की. भिकाबाईनं वास घेतला आन म्हनली, बाबा, रस नासलाय तुझा, दुसऱ्या कुनाला देऊ नगंस.”

विश्वंभररावांनी फोन ठेवला. ते हॉटेल त्यांनी स्वभाव पाहून निवडलं होतं, आणि तो स्वभाव वसमतच्या दोन बायकांनी एका दिवसात बदलला होता. माणिक चमनला पुन्हा कुणी एक तारा देईल असं आता वाटत नव्हतं. त्यांना मालकाची दया आली. पण खरं सांगायचं तर त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

संध्याकाळी ते नवा डबा घेऊन घराशी गेले. दुपारचा डबा दाराबाहेर होता. तो घासलेला नव्हता. विसळलेलाही नव्हता. झाकण एकीकडे, वाटी एकीकडे, वाटीत वरणाचा वाळलेला थर, आणि पोळीचा एक अर्धा तुकडा तसाच. सदतीस वर्षांत या घरात उष्टं भांडं पाच मिनिटंही पडलेलं विश्वंभररावांनी पाहिलं नव्हतं. तो डबा उचलून ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हातांत दोन डबे होते.

कडी वाजवायची राहून गेली. पण त्यांची पावलं आत कळली असावीत.

“अहो,” अनुसूयाबाईंनी हाक मारली. आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता. “गाडी कधी येते सगळ्यांची?”

“उद्या दुपारी.”

“मग लॉजवर...” त्या घुटमळल्या. “लॉजवर अजून एक दिवस मिळेल का हो तुम्हाला?”

“विचारतो,” विश्वंभरराव म्हणाले.

नवा डबा दाराशी ठेवून ते उष्टा डबा हातात घेऊन निघाले. चौकातल्या सगळ्यांना दिसेल असा तो त्यांनी समोर धरला होता. लॉजचा जिना ते या वयात दोन दोन पायऱ्या चढले. सोनाजीने वहीतून मान वर केली. डबा पाहिला आणि काळजीने विचारलं, “काका, घेतलं का काकूनं घरात?”

“नाही!” विश्वंभरराव म्हणाले. “अजून एक दिवस वाढव.”

इतक्या आनंदाने असं उत्तर दिलेलं सोनाजीने आजवर ऐकलं नव्हतं. त्याने वहीत एक दिवस वाढवला आणि नळ कोणत्या बाजूला आहे ते दाखवलं.